घाईची श्रद्धांजली

कुंदावहिनी,

तुम्हाला जाऊन आज पाचवा दिवस, आणि मी अजून ग्रुपवर श्रद्धांजलीचं कार्ड टाकलेलं नाही. लोक बेचैन झाले आहेत. सकाळपासून चार फोन आले. पहिल्यानं चौकशी केली, "शरदभाऊ, तब्येत बरी आहे ना?" दुसऱ्यानं आडपडदाच ठेवला नाही. "काहून हो, वहिनींचं कार्ड नाही आलं अजून? आम्ही लिहायचं कशाखाली?"

कशाखाली लिहायचं! ऐकलंत ना? तुम्ही असत्या तर म्हटलं असतं, "माझ्या कपाळावर लिहा म्हणावं." आणि वर चहाचं आधण ठेवायला उठून गेल्या असत्या.

तिसरा आणि चौथा फोन मी उचललाच नाही. फोन सुमनच्या हातात दिला, म्हटलं नवऱ्याला बरं नाही म्हणून सांग, आणि अंगणात येऊन बसलो. आता हे लिहून राहिलो, ते त्या चौघांसाठी नाही. तुमच्याशी माझं एक बोलणं राहून गेलं आहे. तुमच्या समोर बसून कितीदा तोंड उघडलं आणि चहाचा घोट घेऊन मिटलं. आता तुम्ही समोर नाही, तर जीभ मोकळी झाली. माझ्यासारखा भेकड माणूस जबलपुरात दुसरा नसेल.

ग्रुप काढला तेव्हा किती साधी गोष्ट होती. गणपतीची आरती किती वाजता, हळदीकुंकू कोणाकडे, अधारतालला कोणत्या दुकानात चांगला गूळ आला, एवढंच. आपली मराठी मंडळी गावभर विखुरलेली, कोणी फॅक्टरीतले, कोणी रेल्वेतले, पोरं घरातसुद्धा हिंदीत बोलणारी. म्हटलं, निदान फोनवर तरी एक ओसरी असावी. मोठा फोन आधी माझ्याकडे आला म्हणून मी ॲडमिन. मन्या तेव्हाच बोलला होता, "शऱ्याला फॅक्टरीत कोणी बढती देऊन चार्जमन केलं नाही, आता फोनमध्ये झाला." तुमचा नवरा होता म्हणून सोडून दिलं. चाळीस वर्षं माझ्या सायकलीच्या बाजूला सायकल हाणत फॅक्टरीत आला होता, त्याला तो हक्कही होता.

कार्ड माझ्या मुलानं बनवून दिलं होतं. डाव्या बाजूला तेवती समई, वर फोटोसाठी गोल जागा, खाली चार ओळी. 'मनमिळाऊ, हसतमुख आणि सर्वांच्या सुखदुःखात धावून जाणारं व्यक्तिमत्त्व आज आपल्यातून निघून गेलं.' नाव बदलायचं, फोटो चिकटवायचा, एका मिनिटाचं काम. पहिली दोन-तीन वर्षं ते कार्ड सहा महिन्यांतून एकदा लागायचं.

तुमची पद्धत वेगळी होती. ज्या घरी माणूस जातं त्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, पहिला घास शेजारून जातो, ही रीत सगळ्यांनाच माहीत. पण आपल्या मंडळीत तो शेजार म्हणजे तुम्ही. गोहलपुरात असो की ग्वारीघाटाकडे असो, तुमचा पिठलं-भाताचा डबा मन्याच्या स्कूटरवर बसून जायचा. बोलायच्या नाही तिथं फारसं. वाढायच्या, आणि घरातलं सगळ्यात लहान जेवलं की निघायच्या. तो डबा परत मागायचा नाही, हा तुमचा नेम. माझी आई गेली तेव्हा आलेला डबा अजून आमच्याकडे आहे. त्यावर मन्याचं नाव कोरलेलं आहे. सुमन त्यात शेंगदाण्याचा कूट ठेवते.

मग ते दिवस आले. सुरुवातीला गंमतच होती म्हणा. लोकांनी थाळ्या वाजवल्या, गच्चीवर दिवे लावले, ग्रुपवर फोटोंचा पूर आला. तुम्ही अशी जोरात पळी हाणली की तुमच्या लग्नातल्या परातीला पोचा पडला, आणि मन्यानं तुमच्या तोंडाचा नाही, परातीचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'शहीद.' आपण किती हसलो होतो.

दुसऱ्या वर्षी हसणं संपलं. सकाळी फोन उघडायला हात धजेना. एका घरातून दोन-दोन कार्डं. मी आंघोळीला जायच्या आधी एक टाकायचो, जेवून उठलो की दुसरं. वर आल्याच्या काढ्याची कृती, मध्ये कोणाची तरी ऑक्सिजनसाठी हाक, खाली कोणाच्या नातवाचा वाढदिवस, आणि त्या वाढदिवसाखालीही एकानं सवयीनं 'ॐ शांती' लिहून टाकलं. पोराच्या आईनं काही म्हटलं नाही. फक्त ग्रुप सोडून गेली.

आता खरं सांगतो, वहिनी. त्या दिवसांत मी रडलो, घाबरलो, सगळं खरं. पण त्यासोबत आणखी एक गोष्ट होती. लोक मला फोन करून सांगायचे, 'शरदभाऊ, आमच्या काकांचं कार्ड टाका.' मला बरं वाटायचं. कार्ड टाकलं की फोन बाजूला ठेवायचो आणि दर दोन मिनिटांनी उचलून बघायचो, किती जणांनी हात जोडले. माणूस मेलेला, आणि मी हात मोजत बसलेला. हे मी सुमनलाही कधी सांगितलं नाही.

मन्याला दवाखान्यात ठेवलं तेव्हा आत कोणाला जाऊ देत नव्हते. फोन त्याच्याजवळ होता, दिवसातून दोनदा तो तुम्हाला लावायचा. आपल्यापैकीच एकाचा जावई तिथं कामाला होता, त्याला मी सांगून ठेवलं होतं, मन्याच्या खाटेवर, बेचाळीस नंबरवर, नजर ठेव बाबा. पाचव्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. "अंकल, बयालीस नंबरवाले नहीं रहे."

सकाळीच मन्याला तिथून हलवून दुसऱ्या खाटेवर नेलं होतं, हे त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं. मी तुम्हाला एक फोन केला असता तर मलाही कळलं असतं. नाही केला. तुमचं रडणं ऐकायची हिंमत नव्हती, हे कारण मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलो. ते खरंही आहे. पण दुसरं कारणही होतं. फॅक्टरीवाल्यांचा दुसरा ग्रुप होता, तिथून कोणीतरी माझ्या आधी टाकलं असतं. माझ्या मित्राचं कार्ड दुसऱ्यानं टाकावं? मी घाई केली. फोटोही माझ्या मुलाच्या लग्नातला टाकला, फेट्यातला.

पंधरा मिनिटांत चाळीस जणांनी हात जोडले. आणि मग तुमचा फोन.

"भाऊजी, हे काय टाकलं तुम्ही? आत्ता बोलली मी त्यांच्याशी. ते आहेत. अहो, ते जिवंत आहेत!"

कार्ड पुसायला गेलो, पण पुसायच्या आधी, काय अवदसा आठवली देव जाणे, बोट दाबून धरून कोणी कोणी वाचलं त्याची यादी उघडली. वरून चौथं नाव मन्याचं होतं. दोन वाजून अकरा मिनिटं.

पुसलं. ग्रुपवर कोणी विचारलं, 'क्या हटाया?' कोणी तरीही हात जोडतच राहिले. मग खरं कळल्यावर फुलं आली, 'चमत्कार झाला' आलं, 'नर्मदा मैया की कृपा' आलं. मी कोपऱ्यात फोन उलटा ठेवून बसलो होतो.

तीन दिवसांनी मन्या खरंच गेला.

मी कार्ड टाकू शकलो नाही. आणि मी टाकलं नाही म्हणून कोणीच काही लिहिलं नाही. चाळीस हात जोडणाऱ्यांपैकी एकानं मला फोन केला आणि विचारलं, "शरदजी, इस बार पक्की ख़बर है ना?" मी हो म्हटलं. तो बरं म्हणाला आणि ठेवून दिला. जिवंतपणी माझ्या मित्राला चाळीस श्रद्धांजल्या मिळाल्या, आणि मेल्यावर एक नाही.

त्या दिवशी तुमच्याकडे पहिला घास कोणी नेला, वहिनी? गावभर डबे पोचवणाऱ्या बाईच्या घरी? कोणी नाही. तुमच्या फाटकावर कागद चिकटवलेला होता, आत तुम्ही आणि तुमची लेक मृणाल. मी दोन गल्ल्या सोडून राहतो. माझ्या घरात कोणाला ताप नव्हता, खोकला नव्हता. डबा फाटकाला अडकवून हाक मारली असती तरी चाललं असतं. भीती होती. आणि भीतीपेक्षा लाज जास्त होती, की तुम्ही दार उघडलं तर काय तोंड दाखवू. अस्थी सोडायला नर्मदेवर, ग्वारीघाटाला गेल्या तेव्हा मी वरच्या पायऱ्यांवर, फुलंवालीच्या मागे उभा होतो. तुम्ही पाहिलं होतं मला. मान हलवली नाही, पण पाहिलं होतं.

पुढे दिवाळीत तुम्हीच बोलावणं धाडलं. फराळाचं ताट पुढ्यात ठेवलं आणि म्हणालात, "त्या दिवशी माझी मीच चूल पेटवली, भाऊजी. खिचडी टाकली. पोरगी उपाशी होती." बस्स, एवढंच. मी चिवड्यातले दाणे वेचत बसलो.

मग तुम्ही भांडायला घेतलं, आणि मला वाटलं सुटलो. पण तुम्ही भांडलात ते भलत्याच गोष्टीवरून.

"चुकीचं टाकलं त्याचा मला राग नाही. माणूस घाबरतं, चुकतं. पण लिहिलं काय तुम्ही? मनमिळाऊ! हा माणूस मनमिळाऊ होता काय? केबलवाल्याशी अकरा वर्षं बोलला नाही, मालिका दुसऱ्याच्या घरी जाऊन पाहायला लावल्या मला. हसतमुख म्हणे! सकाळी चहा व्हायच्या आधी त्याच्या तोंडाकडे पाहायची सोय होती?"

"वहिनी, ते कार्डावर आधीच छापलेलं असते."

"तेच म्हणून राहिली मी. चाळीस वर्षं संगतीनं सायकली हाणल्या, अन् तुम्हाला त्याच्यासाठी दोन ओळी स्वतःच्या सुचल्या नाही?"

मीही चिडलो. म्हटलं, "लिहीत बसलो असतो तर उशीर झाला असता."

"कुठली गाडी सुटून राहिली होती, भाऊजी?"

नंतर दर दिवाळीला, दर संक्रांतीला तुम्ही मला टोचायच्या. "लिहिलं का त्यांच्यावर काही?" मी म्हणायचो, लिहितो, लिहितो. तुम्ही म्हणायच्या, "हो, माझं कार्ड टाकल्यावर लिहाल."

आणि त्या प्रत्येक वेळी माझ्या मनात एकच घोळत असायचं. दोन वाजून अकरा मिनिटं. मन्यानं वाचलं होतं काय? की फोन नर्सच्या हातात होता, की नुसतं बोट लागून उघडलं? वाचलं असेल तर त्याला काय वाटलं? हे माहीत असलेलं एकच माणूस माझ्यासमोर बसून अनारसे तळत होतं, आणि मी विचारू शकलो नाही. तुम्ही स्वतःहून काही बोलल्या नाही. मला वाटायचं, बोलत नाही म्हणजे फार वाईट काहीतरी आहे. चहा तसाच ठेवून घरी यायचो.

मंगळवारी सकाळी मृणालचा फोन आला. "काका, आई उठत नाहीये." डॉक्टरांना घेऊन पोचलो, पण सगळं आटोपलं होतं. तुमच्या टोपलीत पूजेसाठी तोडलेली जास्वंदीची फुलं तशीच होती. बातमी पुन्हा गावात सगळ्यांच्या आधी माझ्याजवळ. आणि सांगू काय झालं, वहिनी? बाहेर ओट्यावर आलो, आणि खिशातून फोन काढून ग्रुप उघडला कधी, माझं मलाच कळलं नाही. बोट त्या समईवर होतं. एवढं सगळं होऊनसुद्धा. मेल्या, तुझ्या हाताला झालंय तरी काय, म्हटलं स्वतःला.

घरी आलो. फोन देवळीत ठेवला आणि सुमनला म्हटलं, त्या जुन्या डब्यातला कूट काढून घे. ती म्हणाली, "सरका, मी करते." म्हटलं, नाही, हे माझं आहे. जन्मात पहिल्यांदा पिठलं केलं. गुठळ्या झाल्या, तिखट जास्त पडलं, भात खाली लागला. मन्याचं नाव असलेल्या डब्यात भरलं आणि तुम्हाला घाटावर पोचवून आल्यावर तुमच्या घरी गेलो. उंबऱ्याशी मृणालनं डबा पाहिला आणि तिथंच खाली बसून रडली. मला वाटलं, आईची आठवण आली. नंतर म्हणाली, "काका, ये डिब्बा... बाबांचं नाव आहे."

वाढलं. ती जेवली. तुमच्यासारखा मी उठून निघणार होतो, पण तिनं थांबवलं. तिचं मराठी तुम्हाला माहीतच आहे, अर्धं हिंदीत वाहतं. म्हणाली, "काका, एक बात बताऊँ? आईनं मना केलं होतं. तुम्ही तो मेसेज टाकला होता ना, बाबांचा... वो बाबा ने पढ़ा था. हमसे पहले उन्होंने ही देखा. त्यांनीच आईला फोन केला, स्पीकरवर होता, मी तिथंच होते."

मी तिच्याजवळ सरकलो.

"काय म्हणाला गं?"

"म्हणाले, 'कुंदा, शऱ्यानं मला मारून टाकलं. अन् फोटो पाहिला काय, फेट्यातला! मेल्यावरही ह्यानं मला वरातीतच उभं केलं.' इतके हसले काका, खाँसी लग गई. मग म्हणाले, 'त्याला सांगू नको मी वाचलं म्हणून. जन्मभर जिवाला लावून घेईल. पक्कं वचन दे.'"

म्हणजे हे होतं, वहिनी? इतकी वर्षं तुम्ही मला जपत होत्या? आणि मी त्याच गप्प बसण्याला भीत राहिलो! यादीत त्याचं नाव मी पाहिलं होतं हो. तुम्ही वचन पाळत बसल्या, मी लाज पाळत बसलो, आणि मध्ये चहा निवत गेला. मला हसू आलं, रडू आलं, मृणालचा हात धरून मी मोठ्यानं हसलो तुमच्या सुतकाच्या घरात. ती मात्र हसली नाही.

तिचा चेहरा पाहून मीच विचारलं, "अजून काही म्हणाला काय?"

ती ताटात बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "हँसने के बाद चुप हो गए थे. मग हळूच विचारलं, 'कुंदा, खरं सांग. डॉक्टर तुला काही वेगळं सांगून राहिले काय? शऱ्याला कोणीतरी सांगितल्याशिवाय तो टाकणार नाही.' आईनं बहुत समझाया. पण मग ते तीन दिवस, हर फोन में वही पूछते थे."

हे तुम्ही मला सांगितलं नाही. दिवाळीच्या ताटापुढे माझ्यावर चिडल्यासारखं केलं, मनमिळाऊ शब्दावरून भांडलात, आणि हे एवढं एकटीनं पोटात ठेवलं. तेव्हा मला वाटलं होतं, तुम्ही भलत्याच गोष्टीवरून भांडून राहिल्या. मी मूर्ख.

हे लिहिता लिहिता मध्येच उठलो, फोन घेतला आणि त्यातलं ते समईचं कार्ड कायमचं पुसून टाकलं. ग्रुपवर एवढंच लिहिलं: 'कुंदावहिनी गेल्या. मृणाल घरी आहे. येताना काहीतरी शिजवून आणा.' खाली हात जोडलेच लोकांनी. सवय आहे, जाईल हळूहळू, नाहीतर नाही जाणार. मोजले नाही. आता गल्लीच्या तोंडाशी जाऊन पाहून आलो, मृणालच्या ओट्यावर दोन डबे दिसून राहिले आहेत.

मन्यावर दोन ओळी लिहा म्हणत होत्या ना? लिहितो. मन्या भांडखोर होता. सकाळी चहाच्या आधी बोलायच्या लायकीचा नव्हता. माझ्या सायकलीची चेन पडली की शिव्या घालत थांबायचा, पण थांबायचा. त्यापायी त्याच्या हजेरीवर कितीदा तरी लाल शेरा बसला. आणि मरायला टेकला असताना माझ्या जिवाला लागेल म्हणून त्यानं तुमच्याकडून वचन घेतलं. हे कार्डावर मावलं नसतं.

मला माफ करा, वहिनी. आधी तुम्हाला फोन करायला पाहिजे होता. आधी तुमच्या घरी डबा आणायला पाहिजे होता.

आणि तिथं मन्या भेटेलच. चहा झाल्यावर सांगा त्याला, आधी नाही. सांगा की डॉक्टरनं कोणालाच काही सांगितलं नव्हतं. शऱ्यानं कोणाला विचारलंच नव्हतं.

तुमचा भाऊजी,
शरद